औषधांची पिशवी आणि दुखणारे अंग

नगरचे जिल्हा रुग्णालय असो, लोणीचे प्रवरा रुग्णालय असो, की पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या खासगी दवाखान्याबाहेरचे बाकडे असो. साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एक पिशवी हमखास असते. तिच्यात अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, घड्या पडून फाटायला आलेल्या चिठ्ठ्या, मागच्या वर्षीचे रिपोर्ट, एखादी मलमाची ट्यूब आणि तळाशी नाव-गाव नसलेली कागदाची पुडी. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, या पिशवीचे स्वरूप मात्र तेच राहिले. फरक पडला तो आतल्या गोळ्यांच्या संख्येत. पूर्वी रक्तदाबाची एक आणि दम्याची एक असे. आता पाच-सहा पट्ट्या सहज निघतात, आणि त्या एकाच डॉक्टरने लिहिलेल्या असतात असे मुळीच नाही. हृदयाचे पुण्यात किंवा नाशकात, साखरेचे तालुक्याला, झोपेचे आणि मनाचे नगरला, बाकी किरकोळ सगळे गावच्या डॉक्टरकडे.

या पिशवीत अलीकडे दोन गोळ्या शेजारी शेजारी सापडण्याचे प्रमाण वाढले आहे. एक कोलेस्टेरॉल कमी करणारी, म्हणजे स्टॅटिन गटातली. दुसरी नैराश्यावरची. त्यात आश्चर्य काही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांत साधारण पाचातल्या एकाला नैराश्याचा मोठा आजार जडतो आणि नैराश्य असलेल्यांचे हृदयरोगातून सावरणे अवघड होते, हे वैद्यकाने आता मान्य केले आहे. अशा वेळी दोन्ही औषधे लागतातच. मग काही महिन्यांनी तो माणूस म्हणू लागतो, ‘अंग लई दुखतंय. मांड्या भरून येतात. खाली बसलं की उठवत नाही.’ कुणीतरी सांगते, ही गोळ्यांची गरमी आहे. आणि एक दिवस दोन्हींपैकी एक गोळी, बहुधा कुणाला न सांगता, बंद होते.

दुखण्यासाठी या दोन औषधांची जोडी खरोखर जबाबदार असते का? थोडक्यात उत्तर द्यायचे तर बहुतेक वेळा नाही, काही ठरावीक वेळा होय, आणि ती वेळ कोणती हे पट्टीवरच्या रासायनिक नावावरून ठरते. पण थोडक्यातले उत्तर इथे पुरणारे नाही.

बुरशीतून आलेली गोळी

स्टॅटिनचा जन्म जपानमधला. अकिरा एंडो हा शेतकरी कुटुंबातला, लहानपणापासून बुरशीच्या नादी लागलेला शास्त्रज्ञ. टोकियोच्या सांक्यो कंपनीत १९७१ पासून दोन वर्षे त्याने सुमारे सहा हजार बुरशी तपासल्या. बुरशी स्वतःच्या बचावासाठी इतर सूक्ष्मजीवांचे कोलेस्टेरॉलसारखे द्रव्य बनवणे अडवत असेल, अशी त्याची अटकळ होती. १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्याला हवे ते द्रव्य सापडले. आपल्याकडे पावसाळ्यात भाकरीच्या तुकड्यावर चढणाऱ्या बुरशीच्याच गोतावळ्यातली ती. पुढे अमेरिकेत दुसऱ्या एका बुरशीपासून काढलेले लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आले. मग सिम्व्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन, अॅटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशी रांगच लागली. भारतात आज मुख्यतः शेवटची दोन दिसतात, बरेचदा अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये कोंबलेली. एंडो २०२४ मध्ये, नव्वदी ओलांडून वारले. त्यांच्या शोधाने किती झटके टळले याचा हिशेब कोट्यवधींच्या घरात जातो.

आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपण खात नाही, बनवतो. आणि त्या कामात यकृताचा वाटा मोठा. स्टॅटिन यकृतातल्या त्या कामातला एक महत्त्वाचा टप्पा रोखते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडले की ते रक्तातले ओढून घेते आणि रक्तातली पातळी उतरते. काम यकृतात आहे. तिथे राहिले तर सगळे ठीक. पण औषध यकृताला चुकवून मोठ्या प्रमाणात रक्तात आणि तिथून स्नायूंत पोचले, तर स्नायूंच्या पेशींनाही त्याचा त्रास होतो. हा त्रास बहुधा मांड्या, कंबर, खांदे अशा मोठ्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना सारखा जाणवतो. मांडी घालून बसलेल्याला उठताना हाताचा टेकू लागतो. फळीवरचा डबा काढताना हात वर जात नाही. एकाच गुडघ्याचे दुखणे, टाचेची कळ किंवा बोटांचे सांधे सुजणे ही स्टॅटिनची ओळख नव्हे.

क्वचित हा त्रास टोकाला जातो. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे तुंबतात. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. या अवस्थेचे सविस्तर वर्णन पहिल्यांदा गाजले ते औषधांमुळे नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांमुळे. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये ते लिहिले. इमारत कोसळल्यावर जे होते, ते गोळीने होऊ शकते हे जगाला खऱ्या अर्थाने कळले २००१ च्या ऑगस्टमध्ये. बायर कंपनीचे सेरिव्हास्टॅटिन हे औषध तेव्हा बाजारातून मागे घेतले गेले. त्या वेळी ५२ मृत्यूंची नोंद झालेली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच रुग्णांच्या पोटात जेमफायब्रोझिल हे चरबीवरचेच दुसरे औषध गेलेले होते. एकटी गोळी आणि जोडीतली गोळी यांत केवढा फरक असतो, याचा तो धडा.

कारखान्याची गव्हाण

जोडीने नेमके काय बिघडते, हे समजायला नगर जिल्ह्यातल्या वाचकाला पुस्तक उघडायची गरज नाही. सहकारी साखर कारखान्यांचा हा जिल्हा. गळीत हंगामात कारखान्याच्या फाटकापासून सडकेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागलेली कुणी पाहिली नाही? काट्यावर वजन होते, गाडी गव्हाणीपाशी जाते, मोळ्या खाली पडतात, ऊस गाळला जातो, गाडी मोकळी होते. गव्हाण चालू आहे तोवर रांग पुढे सरकते.

यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात अशा कित्येक गव्हाणी आहेत. औषधांची मोडतोड करणारी ही विकरे, म्हणजे एन्झाइम. त्यांतल्या सर्वांत मोठ्या आणि गर्दीच्या गव्हाणीला शास्त्रात सीवायपी३ए४ असे रुक्ष नाव आहे. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन जवळजवळ पूर्णपणे याच गव्हाणीवर अवलंबून. सिम्व्हास्टॅटिन इतक्या जोरात गाळले जाते, की गिळलेल्या शंभर भागांपैकी पाच भागही मूळ रूपात रक्तात पोचत नाहीत. अॅटॉर्व्हास्टॅटिनही इथेच येते, पण त्याचा जीव या एका गव्हाणीत तितकासा अडकलेला नाही. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन मात्र या कारखान्याकडे फारसे वळतच नाहीत. बरेचसे न गाळताच दुसऱ्या वाटेने शरीराबाहेर जातात.

आता एखादे दुसरे औषध या गव्हाणीत येऊन अडकले, तर मागची रांग वाढणार. जिथे पाच भाग रक्तात जायचे तिथे पन्नास जाऊ लागतात. डोस चिठ्ठीवर वीस मिलिग्रॅमच असतो, पण शरीराला तो दोनशेसारखा लागतो. रुग्णाने काही चूक केलेली नसते. औषधही खोटे नसते.

नैराश्याच्या औषधांबद्दलची भीती सुरू झाली ती अशाच एका अडथळ्यामुळे. नेफाझोडोन नावाचे औषध अमेरिकेत १९९४ मध्ये आले. ही गव्हाण ते जवळजवळ बंदच पाडायचे. सिम्व्हास्टॅटिनबरोबर ते घेतलेल्या रुग्णांत स्नायू फुटण्याचे प्रकार नोंदले गेले आणि ही जोडी निषिद्ध ठरली. पुढे यकृताला इजा करते म्हणून २००४ मध्ये कंपनीने अमेरिकेतली त्याची विक्री थांबवली. औषध गेले. पण ‘डिप्रेशनची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र नको’ हे सरसकट वाक्य मागे उरले. माझ्या मते या वाक्याने नेफाझोडोनपेक्षा अधिक नुकसान केले असेल.

कारण आज पट्टीवर दिसणारी नावे वेगळी आहेत आणि त्यांचे स्वभावही एकसारखे नाहीत. एस्सिटालोप्राम आणि सिटालोप्राम या गव्हाणीच्या वाटेत येत नाहीत म्हटले तरी चालेल. सर्ट्रालिन नेहमीच्या डोसला किरकोळ अडथळा करते. हृदयरुग्णांत त्याची खास तपासणीही झाली आहे: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुकताच हृदयाचा तीव्र त्रास होऊन गेलेल्या ३६९ नैराश्यग्रस्तांना ते किंवा पोकळ गोळी देऊन पाहिली आणि हृदयाच्या दृष्टीने ते सुरक्षित आढळले. मिर्टाझापिनही या बाबतीत निरुपद्रवी. फ्लुओक्सेटिन थोडा अडथळा करते, आणि त्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: ते आणि त्याचे शरीरात बनणारे रूप आठवडेच्या आठवडे रेंगाळते, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही परिणाम लगेच जात नाही. मंत्रचळाच्या आजारात, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे अशा त्रासात दिले जाणारे फ्लुव्होक्सामिन मात्र जरा जपून. ते या आणि इतर काही गव्हाणींतही गाडी आडवी घालते. सिम्व्हास्टॅटिनच्या मोठ्या डोसाबरोबर ते असेल तर डॉक्टरांना विचारणे योग्य. स्टॅटिन बदलून रोसुव्हास्टॅटिन दिले की बहुधा प्रश्नच मिटतो.

जर्मनीत तर २०२५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली, जिच्यात लठ्ठपणा आणि नैराश्य दोन्ही असलेल्या सुमारे १६० जणांना एस्सिटालोप्रामबरोबर मुद्दाम सिम्व्हास्टॅटिन किंवा पोकळ गोळी दिली. स्टॅटिनने मन अधिक उभारी धरते का, हे त्यांना पाहायचे होते. तसे झाले नाही. कोलेस्टेरॉल तेवढे उतरले. ज्या जोडीची गावोगाव धास्ती घेतली जाते, ती चाचणीत जाणूनबुजून दिली जाते, हे इथे ध्यानात घ्यावे.

रोसुव्हास्टॅटिनबद्दल एक सूचना मात्र आपल्यासाठी आहे. सिंगापुरात २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात, तोच डोस घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तात ते गोऱ्या लोकांपेक्षा सुमारे १.६ पट आढळले. चिनी लोकांत दुपटीहून जास्त. त्यामुळे आशियाई माणसाला पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असे अमेरिकेतल्या औषधपत्रकात छापलेले असते. आपल्याकडे मात्र थेट वीस किंवा चाळीस लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसतात. झटका आल्यानंतर मोठा डोस लागतो, हे खरे. पण नुसते ‘कोलेस्टेरॉल जरा वाढलंय’ एवढ्यावर तो लागतोच असे नाही.

दुखणे कुणाच्या नावावर

स्टॅटिनमुळे नेमक्या किती जणांचे अंग दुखते? यावर गेल्या काही वर्षांत फार रंजक काम झाले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने साठ अशी माणसे निवडली, ज्यांनी त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडले होते. त्यांना वर्षभर कधी स्टॅटिनची, कधी पोकळ गोळीची बाटली दिली, आणि काही महिने काहीच दिले नाही. कोणत्या बाटलीत काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. रोजचा त्रास ते आकड्यात नोंदवत. २०२० मध्ये निष्कर्ष आला: स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला होता. गोळी न घेतलेल्या महिन्यांत तो खूपच कमी होता. म्हणजे दुखणे खरे होते, पण ते गोळी घेण्याच्या धास्तीतून येत होते, गोळीतल्या रसायनातून नाही. याला नोसिबो म्हणतात. प्लासिबोचा हा उलटा भाऊ.

२०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १९ चाचण्यांतल्या सुमारे १,२४,००० लोकांची एकत्रित छाननी आली. पहिल्या वर्षात हजार जणांमागे अकरा जणांना स्टॅटिनमुळे जास्तीचे स्नायुदुखणे झाले. त्यानंतर फरक जवळपास उरला नाही. स्टॅटिन घेणाऱ्यांनी केलेल्या अशा तक्रारींपैकी साधारण पंधरातली एक खरोखर औषधामुळे होती. रक्तातले सीपीके खूप वाढून स्नायूंना उघड इजा होणे आणखी दुर्मीळ: दहा हजार जणांना पाच वर्षे गोळी दिली, तर साधारण पाच.

मग उरलेल्या चौदा तक्रारी कुठून येतात? धास्तीला काही अंशी श्रेय देऊन टाकले, तरी आपल्याकडे एवढ्यावर थांबता येत नाही. मराठी माणसाचे दुःख अंगातून बोलते. ‘मी निराश आहे’ असे सांगत डॉक्टरकडे जाणारा शेतकरी विरळा. ‘अंग मोडून येतंय, हातापायात जीव नाही, डोकं बधिर झालंय’ असे सांगणारे रोज येतात. शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक केंद्रांतल्या रुग्णांवर वर्षानुवर्षे काम केले, तेव्हाही मनाचे आजार दवाखान्याची पायरी चढत होते ते दुखणे, थकवा आणि झोप न लागणे अशा वेषांत. म्हणजे अंगदुखी हे नैराश्याचेच लक्षण असू शकते. त्यावर दिलेली गोळी पुरेशी पडत नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी ती गोळीच बंद करणे म्हणजे आग लागली असता पाण्याचा नळ बंद करणे.

त्याहून फसवी आहे थायरॉइड. तिचे द्रव्य कमी पडले की कोलेस्टेरॉल वाढते. मन मंद आणि उदास होते. स्नायू दुखतात, जड होतात, आणि तपासले तर सीपीकेही वाढलेले मिळते. एकच ग्रंथी थकलेली, पण चिठ्ठीवर तीन औषधे चढतात: वाढलेल्या कोलेस्टेरॉलला स्टॅटिन, उदासीला नैराश्याची गोळी आणि अंगदुखीला वेदनाशामक. त्यात भर म्हणजे थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने स्नायूंना इजा होण्याची शक्यताही वाढते. स्टॅटिन आणि नैराश्याची गोळी दोन्ही घेणाऱ्याचे अंग दुखत असेल, तर टीएसएचची साधी तपासणी ही मला सर्वांत आधीची पायरी वाटते. तालुक्याच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती होते. ड जीवनसत्त्वाची कमतरता हेही असेच एक घरभेदी कारण. दिवसभर उन्हात असणाऱ्या मुलखातही ती सर्रास सापडते.

नैराश्याची औषधे गव्हाणीशी काही संबंध न ठेवता, स्वतःच्या वाटेनेही स्नायूंना त्रास देऊ शकतात. त्यातली एक वाट म्हातारपणी फार महत्त्वाची. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्यांनी वयस्क माणसाच्या रक्तातले सोडियम उतरू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषधही चालू असेल तर. आणि ते औषध आपल्याकडे अनेकदा टेल्मिसार्टनसारख्या गोळीत मिसळूनच येते, त्यामुळे ते चालू आहे हे रुग्णाला ठाऊकच नसते. मग पाय लटपटतात, गोळे येतात, मती गुंगते, माणूस न्हाणीघरात पडतो. दोष मात्र कोलेस्टेरॉलच्या गोळीला.

दुसरी वाट आहे खंडाची. नगरला जाणे झाले नाही, गोळ्या संपल्या, आठ दिवस औषध नाही. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या अचानक थांबल्या की फ्लूसारखी कणकण, अंगदुखी, चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. गोळी घेतल्याने नव्हे, न घेतल्याने दुखलेले हे अंग.

आणि शेवटी श्रम. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या दंडांना आणि कमरेला कसले औषध लागत नाही दुखायला. कोयता चालवल्यावर, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवल्यावर सीपीके औषधाविनाही वाढते. फडातून उठून तपासणीला आलेल्याचा आकडा पाहून स्टॅटिन बंद केले, तर तो चुकीचा न्याय. चार-पाच दिवस कष्टाचे काम थांबवून पुन्हा तपासावे. दहापटीहून वर आकडा असेल तर मात्र गोष्ट गंभीर, आणि तिथे वाट पाहायची नाही.

खरा अडथळा कुठे असतो

नैराश्याच्या गोळीवर सगळे लक्ष खिळल्यामुळे पिशवीतले खरे उपद्रवी सुटून जातात. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर गजकर्ण आणि नायट्याने जे थैमान घातले आहे, त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे दिल्या जातात. हे औषध आपल्या त्या गव्हाणीला टाळे ठोकते. सिम्व्हास्टॅटिन दहापटीहून अधिक वाढते, अॅटॉर्व्हास्टॅटिन सुमारे तिप्पट. त्वचेच्या डॉक्टरने चिठ्ठी लिहिताना हृदयाच्या गोळीचा विषय निघत नाही, कारण जांघेतल्या खाजेसाठी गेलेला माणूस स्टेंटची गोष्ट कशाला काढेल? खोकल्यासाठी आठवडाभर दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन तोच खेळ करते. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनमुळेही सिम्व्हास्टॅटिन वाढते; म्हणून त्या जोडीत वीस मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. उलट दिशेनेही होते: गुग्गुळातली द्रव्ये हीच गव्हाण जास्त वेगाने चालवू शकतात. मेदरोगावरच्या गुग्गुळाचे आपल्याकडचे आधुनिक संशोधन १९६६ साली बनारसमध्ये जी. व्ही. सत्यवती यांच्या प्रबंधाने सुरू झाले. १९८७ मध्ये त्याची गोळी भारतात आली, आणि २००३ मधल्या अमेरिकेतल्या चाचणीत मात्र त्याने वाईट कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले आढळले. गुग्गुळ चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचे, ‘ते काय, झाडपाल्याचं’ म्हणून वगळायचे नाही.

आणखी एक गंमत, जी गमतीची नाही. मधुमेहाने तळपायांची आग होते त्यासाठी ‘नसांची गोळी’ म्हणून प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन यांची मिश्र गोळी देतात. यातले नॉरट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्याचे औषध. कंबरदुखीला दिलेले ड्युलोक्सेटिनही तसेच. ‘मला काही डिप्रेशनबिप्रेशन नाही’ असे ठासून सांगणाऱ्या काकांच्या पिशवीत ते असते. या दोन्हींनी गव्हाण अडत नाही, उलट स्नायूंच्या काही दुखण्यांवर त्यांचा उपयोगच होतो. पण पिशवीत काय आहे हे पिशवीच्या मालकालाही ठाऊक नसते, ते असे. नाव इंग्रजीत, बारीक, चकाकत्या पत्र्यावर छापलेले. गोळी कापून दिली की नेमके नावच दुकानदाराच्या कात्रीखाली जाते.

मग ही पिशवी पूर्ण उघडून पाहणार कोण? या जिल्ह्यात या प्रश्नाचा एक जुना संदर्भ आहे. सुप्याजवळ वाढलेले रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी मेबल यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायका, बऱ्याच निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी जाऊन घरोघर वापरत. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय ही तेव्हाची कामे. ‘हिला काय येणार’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना जगभरातून जामखेड पाहायला येणाऱ्यांनी उत्तर दिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चुलीपाशी बसून ‘आज्जी, कोणकोणत्या गोळ्या घेता, दाखवा बरं’ असे विचारण्याची जी मुभा अशा बाईला असते, ती आठ मिनिटांत पुढचा रुग्ण घेणाऱ्या तज्ज्ञाला कुठून मिळणार?

हे मनाच्या आजाराबाबतही चालते, याचा पुरावा गोव्याने दिला. ‘मानस’ या प्रयोगात २४ प्राथमिक दवाखान्यांत, बारा सरकारी आणि बारा खासगी, डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशक नेमले. ते रुग्णाशी बोलत, गोळ्या चालू आहेत का, त्रास काय होतो, हे पाहत. नैराश्याचे औषध फ्लुओक्सेटिनच होते. २०१० मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगीत असा स्पष्ट फरक दिसला नाही. गोळी तीच, पाठीमागे विचारपूस करणारे माणूस असण्याने एवढे पडले.

आज गावात आशाताई आहेत, आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. त्यांच्या वह्यांत रक्तदाब आणि साखरेचे रकाने आहेत. ‘नव्याने अंगदुखी’ आणि ‘चालू सगळी औषधे’ असे दोन रकाने वाढवायला मोठा खर्च लागत नाही. औषधाचा त्रास झाल्याचा संशय असेल तर तो कळवण्याची सोयही देशात आहे. २०१० मध्ये सुरू झालेला आणि आता गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालणारा औषधदक्षता कार्यक्रम १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाकडूनही तक्रार घेतो. डॉक्टरच लागतो असे नाही. मनाच्या औषधाबद्दल बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

तोवर ज्यांच्या घरात अशी पिशवी आहे, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा पलंगावर ओतावी. गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीवरचे रासायनिक नाव, मिलिग्रॅम आणि कधीपासून चालू हे एका कागदावर मराठीत लिहून घ्यावे; घरातला नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी हे काम अर्ध्या तासात करते. दुखणे कधी सुरू झाले त्याची तारीख शेजारी मांडावी, आणि त्याच्या आधीच्या महिन्यात कोणते नवे नाव आले ते पाहावे. हा कागद घेऊन प्रत्येक डॉक्टरकडे जावे, दाताच्याही. बसल्याजागेवरून उठता येईनासे झाले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर कागद, पिशवी आणि माणूस तिन्ही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावेत. एरवी हृदयाची गोळी किंवा मनाची गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता, ‘या दोन्हींत काही अडतं का, आणि अडत असेल तर कोणती बदलायची?’ एवढेच विचारावे. थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर तेही.